हापूसचा सीझन दोन महिन्यांचा, गिऱ्हाईक बारा महिन्यांचं कसं करायचं?

कातळकडा (धागाकर्ता)

राजापूर तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. वडिलांच्या वेळी सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. पेटीवर आमची खूण, पाठोपाठ दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी), आणि पट्टीत लिहिलेला भाव मान्य. आंबा कुणाच्या घरी गेला, गोड लागला की आत साका (गराचा पांढरट, बेचव झालेला भाग) निघाला, हे कळायला मार्गच नव्हता. गेली काही वर्षं निम्म्याच्या आसपास माल थेट घरपोच जातो. मुंबई, ठाणे, पुणे, थोडा कोल्हापूर. पैसे बरे सुटतात, पण आंबा काढण्याइतकंच मोठं एक काम वाढलंय ते म्हणजे माणसं सांभाळणं. त्याबद्दल थोडं सांगायचंय, बरंचसं विचारायचंय.

आंब्याच्या धंद्याची गोम अशी की गिऱ्हाइकाची आणि आपली गाठ वर्षातून एकदा पडते. मार्चच्या मध्यावर बरा माल सुरू होतो, पाडव्याला थोड्या पेट्या चढ्या भावाने जातात, अक्षय्य तृतीयेला मागणी वाढते, मेमध्ये भाव उतरतो आणि पावसाचे थेंब पडले की कारभार आटोपला. पुढच्या वर्षी 'हापूस सुरू झाला' असा मेसेज टाकेपर्यंत समोरच्याने सोसायटीच्या गेटवरच्या टेम्पोतून पेटी घेतलेली असते. त्या टेम्पोवर 'देवगड' लिहिलेलं असतं आणि आत कर्नाटकचा आंबा असतो, हे इथे कुणाला सांगायला नको. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गेटवर उभा राहून मानांकन कोण विचारतो? 'कसा दिला?' एवढंच विचारतात.

आम्ही काय करतो ते आधी लिहितो.

एक वही आहे. नंबर फोनमध्ये असतातच, वहीत नावापुढे बाकीचं असतं. पेटी चार डझनी लागते की पाच, फळ मोठंच हवं की लहान चालतं, लिफ्ट नाही, शनिवारीच घरी असतात, नाशिकच्या बहिणीलाही एक पेटी जाते. पुढच्या वर्षी फोन करून 'तुम्हाला लहान फळाची पाच डझनी, शनिवारीच ना?' एवढं विचारलं की पलीकडचा आवाज बदलतो. भावावर घासाघीस होत नाही असं नाही, पण ती नंतर होते.

पेटीत चिठ्ठी असते. आपण झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेली असते त्याने) उतरवलेला कच्चा आंबा पेंढ्यात घालून पाठवतो, तो पिकायला आठवडा-दहा दिवस घेणार. शहरात लोक पेटी उघडतात, हिरवं फळ बघतात आणि थेट फ्रीजमध्ये ठेवतात. मग फोन येतो, 'पिकतच नाही हो तुमचा आंबा.' म्हणून चिठ्ठीवर काढणीची तारीख हाताने लिहितो आणि खाली चार ओळी: पेटी घरात हवेशीर जागी ठेवा, पिकण्याआधी फ्रीज नको, रंगावर जाऊ नका, वास सुटला आणि फळ अंगठ्याला किंचित दबलं की खा, रोज एकदा चाळा. या चिठ्ठीने तक्रारी जितक्या कमी केल्या तितक्या कुठल्याच जाहिरातीने विक्री वाढवली नाही.

आणि डिसेंबर-जानेवारीत मोहोराचा फोटो पाठवतो, खरी परिस्थिती लिहून. हापूस एका वर्षी भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी दडी मारतो, त्यात थ्रिप्सची कीड, त्यात अवकाळी पाऊस. 'यंदा माल कमी, जुन्या लोकांना आधी देणार' असं जानेवारीतच सांगितलं की लोक रागवत नाहीत, आगाऊ नोंदणी करतात.

आता प्रश्न. साका निघाला तर तुम्ही काय करता? पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत लोकांच्या लक्षात राहायचं कसं, तेही डोक्याला ताप न होता? आणि तिसरं, होमस्टेवाले, दुकानदार, बोटवाले यांच्याशी एकमेकांना गिऱ्हाईक देण्याचं कुणी नीट जमवलंय का? कमिशन न देता?

शंकासुर

वही, चिठ्ठी, फोटो, फोन. एवढं करून पेटीमागे उरतं काय ते लिहा की. बायकोचा आणि तुमचा वेळ धरून.

कातळकडा

@शंकासुर, वेळ धरला तर मेमध्ये वाशीपेक्षा फार जास्त उरत नाही, मान्य. एप्रिलमध्ये उरतं. पण वाशीला ज्या दिवशी आवक दणकून होते त्या दिवशी पट्टी बघवत नाही, तो धोका निम्म्या मालापुरता तरी गेला.

मापपायली

रत्नागिरीत किराणा आणि कोकणमेवा असं दुकान आहे, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी बघतो.

तुमची वही म्हणजे आमच्या बापजाद्यांची उधारीची वहीच. फरक इतकाच की त्या वहीत कुणाकडे किती बाकी एवढंच नसायचं. गल्ल्यावर बसणाऱ्याला माहीत असायचं की या घरात लग्न ठरलंय, त्या घरात म्हातारं माणूस पथ्यावर आहे. आता युपीआय आल्यापासून गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं, यंत्र 'रुपये प्राप्त झाले' म्हणतं आणि दोघं एकमेकांकडे न बघता मोकळे होतात. सोयीचं आहे, तक्रार नाही. पण पर्यटक नाव न सांगता निघून जातो आणि पुन्हा आमसुलं हवी झाली की मुंबईत मॉलमधली घेतो.

मी एकच केलं. प्रत्येक पुडीवर दुकानाचं नाव, फोन आणि 'पार्सल मिळेल' असा शिक्का. काउंटरवर बोर्ड लावून उपयोग झाला नाही, बोर्ड दुकानातच राहतो, पुडी माणसाच्या स्वयंपाकघरात जाते. फणसपोळी चार दिवसांत संपते, पण आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली आणि आमसुलाची बरणी महिनोन्महिने कट्ट्यावर असते. चांगलं चिकट लेबल लावायचं ते आगळाच्या बाटलीला.

साक्याबद्दल: फोटो आला की बदलून द्यावा, उलट प्रश्न विचारू नये. पूर्ण उलटतपासणी घेऊन मग बदलून दिला तर आंबाही गेला आणि माणूसही.

शंकासुर

आणि एकाच फोटोवर सोसायटीतल्या तिघांनी भरपाई मागितली तर? हे झालेलं आहे. मी अंदाजाने बोलत नाही.

मापपायली

तर तिघांना द्यायची आणि पुढच्या वर्षी त्या इमारतीला 'माल संपला' सांगायचं. :)

चाकरमानी

मी घेणाऱ्यांपैकी. डोंबिवलीत राहतो, गाव लांज्याजवळ. गावात आता काका-काकू आणि कुलूप लावलेली चार घरं.

कातळकडा यांना एक सांगावंसं वाटतं. तुम्ही गिऱ्हाईक शोधताय मोबाईलमध्ये, आणि कोकणातल्या धंद्याला मुंबईत तयार जाळं मिळालेलं आहे. जवळपास प्रत्येक गावाचं, कित्येक वाड्यांचंसुद्धा, मुंबईत मंडळ आहे. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, गावाहून आलेला पोरगा आधी तिथे पथारी टाकायचा. खोल्या गेल्या, माणसं विरार-दिव्यापर्यंत पांगली, पण मंडळ टिकलं. जानेवारीत हळदीकुंकू होतं, एखाद्या नाट्यगृहात (२०२३ साली बंद होईपर्यंत परळच्या दामोदरला) गावच्या नमनाचा किंवा शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे आपल्या लोककलांचा, प्रयोग लागतो, वर्गणी गोळा होते, शिमग्याच्या आणि गणपतीच्या गाड्या ठरतात. त्या एका संध्याकाळी हॉलमध्ये जेवढी माणसं असतात त्या सगळ्यांना हापूस कुठून घ्यावा हा प्रश्न मार्चमध्ये पडणार असतो.

पण तिथे जाऊन पत्रकं वाटू नका. आमच्या मंडळात एकाने वाटली होती, ती खुर्च्यांखाली राहिली. दुसऱ्या एका बागायतदाराने कार्यक्रमाच्या चहाची जबाबदारी घेतली, सोबत काजूगर घातलेली उसळ दिली, आणि भाषण केलं नाही. बायकांनीच विचारलं, ओले काजूगर कुठून आणले? मग पुढचं आपोआप. त्याने मंडळाच्या सेक्रेटरीला कमिशनही देऊ केलं नाही. पेटीमागे ठरावीक रक्कम गावच्या शाळेला देतो असं सांगितलं आणि मे महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर शाळेची पावती टाकली. त्या पावतीनंतर आमच्या लोकांनी त्याला सोडलेलं नाही.

आमसभेत पाच रुपयांवरून दोन तास भांडणारी माणसं आहेत ही, त्यांना पावती दाखवली की ती तुमची.

रेवदंड्याची सून

वाचतेय. आमच्याकडचं थोडं वेगळं.

अलिबागचा पांढरा कांदा. भात निघालं की जमिनीतल्या ओलाव्यावर लावतात, जानेवारीनंतर निघायला लागतो आणि रस्त्याकडेला त्याच्या वेण्या घालून माळा टांगतात. कार्ले, खंडाळे, नेहुली हा सगळा पट्टा. वीकेंडला मुंबईकर परत निघाले की गाड्या थांबतात, माळा घेतात, निघतात. मांडव्याला मुंबईहून गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाड्या वाढल्यात. विक्रीची कधी ददात नाही, म्हणून कुणी नाव-गाव विचारतच नाही! आणि पांढरा दिसतो म्हणून भलत्याच ठिकाणचा कांदा माळा घालून शेजारी विकला जातो, गाडीतल्या माणसाला काय कळणार.

सासूबाईंनी शेतातच एक पाटी रोवली, 'कांदा निघताना बघायचा असेल तर आत या'. मला वाटलं कोण कशाला उन्हात येतंय. पण मुलं घेऊन येतात. वेणी कशी घालतात ते बघतात, स्वतः घालून बघतात, सुटते, हसतात. जे आत आले त्यातल्या बऱ्याच जणांचे फोन पुढच्या जानेवारीत येतात, रस्त्यावरून घेणाऱ्यांचे येत नाहीत. कातळकडांनी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एक-दोन कुटुंबं बागेत बोलवून बघावीत. तुमच्याकडे तर कशेळीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) तो कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे ना? कातळशिल्पं बघायला लोक येतातच त्या बाजूला.

कातळकडा

हो, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे. युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव २०२२ साली लागल्यापासून गाड्या वाढल्यात. पण काढणी चालू असताना पाहुणे म्हणजे झेला कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. संध्याकाळी पॅकिंगच्या वेळी बोलावता येईल. विचार करतो.

तारकर्लीचो

गजाली बऱ्यो चलल्यात. माझा पण एक सांगतंय.

आमच्याकडे रिक्षावालो गिरायक आणता, हॉटेलवालो गिरायक आणता, आणि दोघांकाय कमिशन व्हया. मगे दर फुगता, गिरायक किनाऱ्यार दुसऱ्याक इचारता, तो कमी सांगता, आणि आमी चोर ठरतंव.

बाकीच्यांसाठी शुद्ध भाषेत लिहितो. :) स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचा आमचा सगळा खेळ पाण्यावर. काही दिवस पाणी असं गढूळ असतं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. त्या दिवशीही गिऱ्हाईक येतं, पैसे खिशातून काढून उभं असतं. मी सांगतो, आज जाऊ नका, उद्या सकाळी या, नाहीतर आज सिंधुदुर्ग किल्ला बघून घ्या. शेजारचा बोटवाला त्यालाच घेऊन जातो आणि वर मला हसतो. पण परत पाठवलेला माणूस घरी जाऊन काय सांगतो? 'एकाने पैसे घेतले नाहीत.' पुढच्या वर्षी त्याच्या ऑफिसातले आठ-दहा जण थेट मला फोन करून येतात, मध्ये रिक्षावाला नाही की हॉटेलवाला नाही.

पावसात किल्ल्याच्या होड्याही बंद आणि आमचंही बंद. तेव्हा मी रोज सकाळी समुद्राचा एक छोटा व्हिडिओ स्टेटसला टाकतो. विक्री काही नाही. नुसता समुद्र आणि मागे आई कोंबड्यांना हाका मारताना. त्याला सगळ्यात जास्त उत्तरं येतात.

शंकासुर

तुमचं ठीक आहे, समुद्र फुकट आहे. मी काय, पंपावर फवारणी करतानाचा व्हिडिओ टाकू?

तारकर्लीचो

टाक रे. लोकांक बघूक व्हया तेच. फक्त कसली फवारणी ता पण सांग.

खाडीकाठ

यावर मला बोललंच पाहिजे कारण दापोली भागात होमस्टे चालवते आणि पाहुणे नेमकं हेच विचारतात: आंबा कशाने पिकवला? कार्बाईडला बंदी आहे हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. नियमाने इथिलीन वायू चालतो आणि अढीत पेंढ्यात पिकवलेला तर उत्तमच, पण हे समजावून सांगणारा बागायतदार विरळा. 'आमचा सेंद्रिय आहे' म्हणून मोकळे होतात. एखादा पाहुणा कृषी पदवीधर निघाला की मग पंचाईत.

आता माझा अनुभव, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, गूगलच्या नकाशावरची खूण. आमच्या गावात मधलीवाडी, शेजारच्या गावातही मधलीवाडी. पाहुणे रात्री दहाला तिसऱ्याच्याच अंगणात गाडी घेऊन उभे. यजमान दमलेले, पाहुणे चिडलेले, कुत्री भुंकताहेत. नातं काय जुळणार! मी स्वतः दारात उभं राहून खूण दुरुस्त केली, फाट्यापासून घरापर्यंतचा व्हिडिओ करून ठेवला (साकवाशी डावीकडे, मग वडाचा पार), आणि बुकिंग झालं की तो पाठवते. हजार रुपये जाहिरातीवर घालवण्याआधी हे करा.

अभिप्राय. 'पाच तारे द्या, चहा फुकट' असं करू नका, सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घेणं गूगलच्या नियमात बसत नाही आणि वाचणाऱ्याला वासही येतो. निघताना मी फक्त म्हणते, जे आवडलं नाही ते मला सांगा, आवडलं ते तिथे लिहा. वाईट अभिप्राय येतोच. 'रात्रभर लाईट नव्हती' असं कुणी लिहिलं तर वाद न घालता लिहावं की वादळी पावसात इथे वीज जाते, पंख्यापुरता इन्व्हर्टर आहे, एसी चालणार नाही. हे वाचून ज्याला एसी हवाच तो येत नाही. बरंच झालं की.

मासे. जून-जुलैत होड्या बंद असतात, तरी फोन येतो, सुरमई मिळेल ना? बर्फातली आणून घालणारे आहेत. आम्ही सांगतो, नाही. सुकटीची चटणी, खाडीतलं काही मिळालं तर ते, नाहीतर कुळथाचं पिठलं, टाकळा, भारंगी, फोडशी. 'पावसाळ्यात या आणि रानभाज्या खा' असंच लिहायला लागलो तेव्हा वेगळीच माणसं यायला लागली, आणि तीच दरवर्षी येतात. हर्णैच्या बंदरावरचा लिलाव ज्यांना बघायचा असतो त्यांना मी ऑगस्टनंतरच्या तारखा देते.

आता कातळकडांचा तिसरा प्रश्न. आम्ही कमिशन देत नाही, घेत नाही. माझ्या ओट्यावर ओळखीच्या बागायतदाराची एक पेटी मेमध्ये उघडी असते. पाहुण्यांनी खावं, पैसे नाहीत. सोबत त्याच्या चिठ्ठ्या. त्याच्याकडे कुणी 'राहायची सोय?' विचारलं की तो माझा नंबर देतो. हिशेब कुणीच ठेवत नाही. हिशेब ठेवला की कुणीतरी जास्त दिलंय असं दोघांनाही वाटायला लागतं. पण एक अट तोंडी ठरलेली आहे, त्याच्या आंब्याची तक्रार आली तर मी त्याला त्याच दिवशी कळवणार आणि माझ्याकडच्या पाहुण्याची कुरबूर त्याच्या कानावर आली तर तो मला.

शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळास आहे, कासवांचं गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यांचं काम केलं आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले. राहायचं गावातल्या घरांत, जेवायचं त्यांच्या पंगतीला. पिल्लं बाहेर येतील की नाही याची हमी कुणीच देऊ शकत नाही. काही जणांना एकही पिल्लू दिसत नाही, आणि तरी ते जिथे राहिले त्या घराला फोन करून पुढच्या वर्षीचं विचारतात. मला वाटतं तिथे लोक कासवासाठी जातात आणि घरासाठी परततात.

मापपायली

+१. कमिशनबद्दल शंभर टक्के.

पिशवीवाली

कुडाळ भागातला आमचा बचत गट, 'उमेद' या सरकारी अभियानातला. मालवणी मसाला, कुळीथ पीठ, कोकम सरबत, खाजा. मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं तिथे स्टॉल मिळाला होता. गर्दी विचारू नका, माल संपला, आनंदाने परत आलो. महिन्याभराने कुणाचाही फोन नाही. कारण लेबलवर गटाच्या तेव्हाच्या सचिवाचा स्वतःचा नंबर होता, सचिव बदलली, तिने सिम बदललं. किती बायकांनी फोन लावला असेल आणि बंद आला असेल!

आता गटाच्या नावाने वेगळं सिम आहे, त्यावर बिझनेसवालं व्हॉट्सॲप. फोन ज्या बाईकडे असतो तिने उत्तर द्यायचं, दर महिन्याला बाई बदलते, फोन तोच राहतो. लेबलं लावायची सोय त्यात आहे, 'सरसला भेटलेले', 'दिवाळीत घेणारे', 'तिखट कमी' अशी लावून ठेवली आहेत. तिखट कमीवाले बरेच निघाले, त्यांच्यासाठी बेडगी जास्त घालून वेगळा मसाला करतो.

एक माहिती: ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. हे आम्हाला फार उशिरा कोणी सांगितलं. म्हणून आता स्टॉलवरच बाईचा फोन हातात घेऊन नाही, पण तिच्यासमोर उभं राहून सांगतो, ताई, 'कुडाळ मसाला' नावाने सेव्ह करा. नाव सोपं हवं. गटाचं देवीवरून ठेवलेलं लांबलचक नाव कुणी सेव्ह करत नाही.

मेसेज किती? आम्ही सणाला धरून पाठवतो. गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी, उन्हाळा लागताना सरबताचा, आणि पावसाच्या आधी मसाल्याचा. शुभ सकाळ आणि फुलं अजिबात नाही. एका बाईने उत्साहात महिनाभर रोज सुविचार पाठवले, लोकांनी ब्लॉक केलं.

हिशेबनीस

सगळं वाचलं. रुक्ष पण जरुरीचं लिहितो, कारण नातं कितीही गोड असलं तरी लेबल चुकलं की एका तक्रारीत धंदा बसतो.

पोळी, सरबत, मसाला, आगळ असं बाटलीत-पुडीत विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी आणि तो चौदा अंकी क्रमांक लेबलवर. सोबत निव्वळ वजन, तारीख, सर्व करांसह किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पल्प-पोळीवर आहे. परराज्यात पार्सल सुरू करण्याआधी तुमच्या सल्लागाराशी बोला, तिथे नियम वेगळा आहे.

हापूसचं मानांकन आपोआप सगळ्यांना वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. कोकमालाही २०१६ पासून मानांकन आहे, कुणी विचारतच नाही. ज्यांची नोंद आहे त्यांनी ते प्रमाणपत्र कपाटात न ठेवता चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापावं. गेटवरचा टेम्पोवाला ते छापू शकत नाही.

यंत्र घ्यायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. अर्ज करा, पण आधी गिऱ्हाईक बघा. यंत्र आणून धूळ खात ठेवलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

कातळकडा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

साक्याबद्दल आमची पद्धत सांगायची राहिली. साका बाहेरून दिसत नाही. उन्हाचा तडाखा, तापलेल्या कातळाची धग, झाडावर जास्त तयार झालेलं फळ, ही कारणं. म्हणून आम्ही फळ थोडं आधी, सकाळच्या वेळात काढतो आणि सावलीत ठेवतो. तरी निघतो. हे चिठ्ठीतच लिहिलंय: 'काही फळांत साका निघू शकतो, निघाला तर फोटो पाठवा.' आधीच सांगितल्यामुळे लोक फसवलं असं म्हणत नाहीत. भरपाई पैशात न देता पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालतो.

चाकरमानी

हे मला पटत नाही. पुढची पेटी म्हणजे बऱ्याचदा पुढचं वर्ष. माझे दोन आंबे तुमच्याकडे वर्षभर अडकले आणि मी तुमच्याकडून पुन्हा घेतलंच पाहिजे असं झालं. हे सांभाळणं नाही, बांधून ठेवणं आहे. विचारा तरी, पैसे हवेत की आंबे.

कातळकडा

हं. बरोबर आहे. ज्याने एकच पेटी घेतली त्याला विचारायला हवं. यंदापासून चिठ्ठीत तसं लिहितो.

शंकासुर

आता माझाही एक प्रश्न, टवाळी नाही. माझी बाग गुहागरकडे. ज्या वर्षी माझ्याकडे माल नसतो आणि जुनं गिऱ्हाईक फोन करतं, त्या वर्षी काय करता? दुसऱ्या बागायतदाराचा नंबर दिला तर ते कायमचं गेलं. नाही दिला तर टेम्पोवर गेलं.

कातळकडा

आम्ही देतो. वाडीतल्या दोघांशी ठरलंय, माल त्यांचा, चिठ्ठी त्यांची, नाव त्यांचं. त्यांचा माल माझ्या नावाने पाठवत नाही, कारण चव वेगळी लागली तर शिव्या मलाच. काही गिऱ्हाइकं तिकडेच राहिली, खरं आहे. त्यांची काही इकडे आलीत. पण एकाआड एक वर्षाचा फेरा त्यांचा आणि माझा जुळत नाही, म्हणून हे चालतं. दोघांची बाग एकाच वर्षी भरत असेल तर उपयोग नाही. तुम्ही गुहागरचे, म्हणजे आमच्यापेक्षा थोडा उशिरा येतो ना तुमचा?

शंकासुर

आठ-दहा दिवस उशिरा. मेच्या शेवटी पाऊस आला नाही तर जूनच्या सुरुवातीलाही थोडा असतो.

कातळकडा

माझ्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मागणी असते आणि चांगलं फळ नसतं. पावसाचं पाणी लागलेला आंबा मी पाठवत नाही, फोन उचलून नाही म्हणतो. ती नावं तुम्हाला देऊ शकतो, त्यांना विचारून. बदल्यात तुमची मार्चवाली, ज्यांना पाडव्यालाच हवा असतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

शंकासुर

बघितला. आधी एक पेटी तुमची पाठवा, खाऊन बघतो. पैसे देणार.

पिशवीवाली

आणि त्या पेटीत आमच्या मसाल्याची एक पुडी टाकायला जागा असेल तर सांगा!